पडद्यावरचा वऱ्हाडी माणूस

अकोल्याच्या बाजारात कापूस विकून रात्री घरी परतलेला शेतकरी दूरचित्रवाणी संचासमोर बसतो, तेव्हा पडद्यावर त्याला सारे जग दिसते. तो स्वतः मात्र क्वचितच दिसतो. दिसलाच तर दोन रूपांत. एक, विनोदी कार्यक्रमातला बावळट वऱ्हाडी. दुसरे, बातमीतले प्रेत.

‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम झी मराठीवर २०१४ पासून सुमारे दहा वर्षे चालला. अमरावतीकडील कलावंत भारत गणेशपुरे यांनी त्यातून वऱ्हाडी बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. हे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. प्रश्न कलावंताचा नाही, भूमिकांच्या वाटपाचा आहे. ‘काहून’ आणि ‘मले’ म्हणणारे पात्र मराठी मालिकांत बहुधा हसविण्यापुरतेच येते. न्यायाधीश, डॉक्टर किंवा नायिका त्या बोलीत सहसा बोलत नाही. वस्तुतः मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास सिद्ध झाले. गाडगेबाबांनी ‘कर्ज काढू नका, पोरांना शिकवा’ हे याच बोलीतल्या कीर्तनांतून सांगितले. तीच बोली आज अडाणीपणाची खूण ठरावी, ही पुण्यामुंबईच्या अभिरुचीची मिजास आहे.

दुसरे रूप अधिक क्रूर. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक भरला. सुती वस्त्रांचे ते प्रदर्शन टिपावयास पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार हजर होते. त्याच दिवसांत तो कापूस पिकविणारे विदर्भात जीव देत होते आणि त्यांची बातमी देण्यास बाहेरून आलेले पत्रकार होते जेमतेम सहा. हा हिशेब पी. साईनाथ यांनी मांडला. पुढे १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी वऱ्हाडचे पाच जिल्हे व वर्धा यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि मग कॅमेरेही आले. ते विधवेच्या अश्रूंपाशी थांबले. कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च आणि सावकाराचे व्याज यांपाशी थांबण्यास त्यांना सवड नव्हती.

जाहिरातींत तर एवढीही जागा नाही. तेथे सदरा पांढराशुभ्र असतो, पण किलोमागे मजुरी घेऊन त्याचा कापूस वेचणारी बाई कोठेच नसते. उन्हाने रापलेला तिचा चेहरा हाच जाहिरातदारांच्या लेखी दोष! १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकणाऱ्या कंपनीने २०२० साली नावातून ‘फेअर’ तेवढे काढले. मलम विकणे चालूच राहिले.

खासगी वाहिन्या जाहिरातदाराचे ऐकणार, हे उघड आहे. दूरदर्शन मात्र जनतेच्या पैशावर चालते आणि त्याला जाब विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या वेचणीच्या हंगामात गावोगावी सह्या गोळा करून सह्याद्री वाहिनीकडे मागणी करावी: हमीभाव, सावकारी आणि वेचणीची मजुरी यांवर नियमित कार्यक्रम हवा, तो वऱ्हाडीतून हवा, आणि त्याची निवेदिका कापूस वेचणाऱ्या बायांपैकीच एक असावी.