सल्ला हवाच, पण जागाही हवी

समाजातील तरुणांसाठी मंडळाने नोकरी मार्गदर्शन शिबिर घ्यावे, अशी सूचना बैठकीत वरचेवर येते. सूचना चांगली आहे. पण दोन-तीन वर्षे घरी बसलेल्याला अशा सल्ल्याने नोकरी लागते का, हे आधी तपासावे, असे आम्हाला वाटते.

फ्रान्समध्ये २००७ पासून हे तपासले गेले. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बेकार असलेल्या सुशिक्षित तरुणांना सल्लागार दिले. २०१९ चे नोबेल मिळालेल्या एस्तेर दुफ्लो या पाहणीत होत्या. आठ महिन्यांनी सल्ला मिळालेल्यांपैकी अधिक जणांना टिकाऊ नोकरी लागलेली दिसली. पण तो फायदा पुढे उरला नाही. शिवाय त्यातला काही भाग सल्ला न मिळालेल्यांच्या वाट्याचा होता. नोकऱ्यांची चणचण असलेल्या भागांत तर विशेष. रांगेत एक पुढे सरकला, दुसरा मागे गेला. रांग होती तेवढीच राहिली.

आपल्या इंदूरला हे नवे नाही. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्यांना अर्ज नीट लिहायला शिकवून कोणती मिल सुरू झाली असती?

मग सल्ला फुकट आहे का? मुळीच नाही. आम्ही स्वतः बँकेत क्लार्क आहोत, म्हणून सांगतो. बँक क्लार्कच्या परीक्षेला सर्वसाधारण वर्गासाठी वयाची मर्यादा २८ आहे. कित्येक मुले तोवर एकाच परीक्षेच्या मागे असतात. वय उलटले की घरात कोणी विषयही काढत नाही. ‘एकदा चिकटला की सुटलो’ हा आपल्याच घरांतला मंत्र. अशा मुलाला चोविसाव्या वर्षी कोणी जवळ बसवून दुसरी वाट दाखवली असती, तर चार वर्षे वाचली असती.

म्हणून शिबिर जरूर घ्यावे, पण त्याआधी जागांची यादी करावी. समाजातील दुकानदार, कारखानदार, डॉक्टर, वकील यांनी आपल्याकडची रिकामी जागा मंडळाला कळवावी. अधिक काळ बसलेल्यांना आधी बोलवावे आणि वर्षभर त्यांची विचारपूस ठेवावी. आणि मते मागायला येणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे: रोजगार मेळावे किती घेतले ते राहू द्या, रिकामी पदे किती भरली?