‘बायकांना पेट्रोलच बरी’ म्हणे!



“वहिनी चालवणार आहेत ना, मग पेट्रोलच घ्या.” गाडी घ्यायचं ठरल्यापासून हे वाक्य किती जणांनी ऐकवलं याची मोजदाद मी सोडून दिली. दिरांनी ऐकवलं, नणंदेच्या यजमानांनी ऐकवलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका काकांनी तर मांडे वाढेपर्यंत दम धरला नाही. गंमत अशी की यातल्या निम्म्या लोकांनी स्वतः आयुष्यभर डिझेलची गाडी चालवली आहे. आणि एकानेही विचारलं नाही की, तुमचं रोजचं जाणं-येणं किती किलोमीटर?

हाच प्रश्न पहिला आहे. बाई चालवणार की बाप्या, हा प्रश्नच नाही.

माझं सांगते. जयसिंगपूरहून कोल्हापूरला नोकरीसाठी रोज जाते. जाताना चाळीसेक, येताना चाळीसेक. महिन्याला कामाचे चोवीस दिवस धरले की एकोणीसशे किलोमीटर तिथेच झाले. वर कुंभोजला बाहुबलीला एखादी फेरी, माहेरी एखादी फेरी. म्हणजे दोन हजार धरा. आता पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरून हिशेब मांडा. सात-आठ वर्षं जुनी पेट्रोलची छोटी गाडी आमच्या या रस्त्यावर, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रखडत, लिटरला १६ देते. तेवढीच जुनी डिझेल २१ देते. पेट्रोलला महिन्याचे झाले १३,१२५ रुपये. डिझेलला साधारण ८,६७०. फरक साडेचार हजारांच्या जवळ. वर्षाचे त्रेपन्न हजार.

त्रेपन्न हजार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मुलीची वर्षाची क्लासची फी आहे ती.

यावर लगेच उत्तर येतं, “अहो, डिझेलचं मेंटेनन्स महाग.” आहेच महाग, कोण नाही म्हणतंय? ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेगळा, आणि इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर एका फटक्यात मोठा खर्च. म्हणून मी पेट्रोलपेक्षा वर्षाला बारा हजार जास्त धरून ते वेगळे काढून ठेवते. तरी एक्केचाळीस हजार उरतात. मी पाहिलेल्या गाड्यांत त्याच वर्षाच्या डिझेल आणि पेट्रोलच्या किमतीत चाळीस हजारांचा फरक होता. तो पहिल्याच वर्षात भरून निघतो. ‘मेंटेनन्स महाग’ एवढं बोलून थांबणारा माणूस पुढची वजाबाकी का करत नाही, याचं मला नवल वाटतं. घरात भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायला आपल्याला शिकवलं आणि चार लाखांच्या वस्तूला मात्र ‘लोक म्हणतात म्हणून’!

दुसरं उत्तर जरा शहाण्या माणसांकडून येतं. “पूर्वी डिझेल स्वस्त होतं तेव्हा ठीक होतं, आता भावात काय फरक राहिला?” यात थोडं तथ्य आहे. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे केले २०१४ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात, २०१२ च्या सुमाराला, दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत होती. तेव्हा गल्लीत दूध आणायलासुद्धा लोकांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या. ती चैन संपली. पण आज भावातला फरक चौदा-पंधरा रुपयांचा असला तरी डिझेलचा फायदा नुसत्या भावातून येत नाही. एका लिटर डिझेलमध्ये मुळात ऊर्जा जास्त असते आणि ते इंजिन ती जास्त चांगली वापरतं. वरच्या हिशेबात दोन्हींचा भाव सारखाच, १०५ रुपये, घालून बघा. तरी महिन्याला तीन हजारांच्या वर फरक उरतो. मी करून पाहिलंय.

आता ते ‘बायकांना पेट्रोलच बरी’ घेऊ, कारण खरा राग मला त्याचा आहे.

म्हणे डिझेलचं क्लच जड, इंजिन जड, आवाज मोठा, बायकांना झेपत नाही. आमच्या सासूबाईंनी वीस वर्षं विहिरीचं पाणी शेंदलं. त्यांच्या सुनेला क्लच झेपत नाही? आणि पॉवर स्टिअरिंग आल्याला किती वर्षं झाली! उलट मला तर नव्या शिकणारीसाठी छोटी डिझेल सोपी वाटते. ज्या इंजिनाची गाडी मी घेतली ते फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसीचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये तेच, टाटाच्या व्हिस्टामध्येही तेच. मारुती त्याला डीडीआयएस १९० म्हणायची. १९० न्यूटन मीटर ही त्याची ओढ, आणि ती दोन हजार फेऱ्यांनाच मिळते. म्हणजे रेस न वाढवता गाडी उचलते. आंबा घाटात पाच माणसं आणि डबे-पिशव्या घेऊन चढताना दर वळणाला गिअर उतरवावा लागत नाही. हां, अगदी खाली, पंधराशे फेऱ्यांच्या आत ती सुस्त असते. बाजारात मुंगीच्या पावलाने चालवताना बंद पडते, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. आठ दिवसांत पाय बसतो.

शिवाय हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलंय की कोल्हापूर-सांगली पट्ट्यात असा फिटर सापडणार नाही ज्याने ते खोललं नाही. सामान मिळतं, तेही दोन-तीन प्रतींचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून, बीएस-६ आल्यावर, डिझेल गाड्या बंद केल्या म्हणून लोक घाबरतात. मी म्हणते, त्याच घाबरण्यामुळे आपल्याला गाडी स्वस्त मिळते. विकताना भाव येणार नाही? नको येऊ दे. मला ती सात-आठ वर्षं वापरायची आहे, तिजोरीत ठेवायची नाही.

पेट्रोलवाल्यांना मी उलटा प्रश्न विचारते. तुमच्या जुन्या गाडीत आता काय भरलं जातंय? पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. २०२३ च्या एप्रिलच्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. इथेनॉलला पेट्रोलइतकी ताकद नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळाच. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं मला शोभत नाही, आमचाही ऊस कारखान्याला जातो. पण २०१६ ची पेट्रोल गाडी घेताना हे कोणी सांगतं का? आमच्या मंडळातल्या एका आजींनी मात्र ऐकल्यावर डोळे मोठे केले, “म्हणजे गाडीला दारू पाजतात की गं!” मी त्यांना समजावायच्या भानगडीत पडले नाही.

“मग सीएनजी घे” म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. डिकी सिलिंडरला द्यायची आणि रांगेत उभं राहायची तयारी असेल तर जरूर घ्यावी. मला संध्याकाळी साडेसहाला घरी पोचून सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं. रांग मला परवडत नाही. आणि नवी कोरी पेट्रोल हप्त्यांवर घ्या म्हणणाऱ्यांना एवढंच, की हप्ता तुम्ही भरणार आहात का?

आता धुराचं बोलू. तो विषय टाळला तर मी खोटी ठरेन.

स्वाध्यायानंतर एकीने मला सगळ्यांसमोर विचारलं, “मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारे आपण, आणि तू डिझेलचा धूर सोडत जाणार?” प्रश्न बरोबर आहे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं आणि त्याला पहिल्या गटात घातलं. तो गट म्हणजे शंका नसलेला गट. काजळी आणि नायट्रोजनचे वायू पेट्रोलपेक्षा जुन्या डिझेलमधून जास्त पडतात. जिथे लोक दाटीने राहतात तिथे ते थेट मुलांच्या छातीत जातं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले ते उगाच नाही.

पण हिशेब पुरा करा. कार्बन डायऑक्साइड बघितला तर लिटर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो, डिझेलमागे २.७ किलो निघतो. किलोमीटरला भागलं की माझ्या डिझेलचा सव्वाशे ग्रॅमच्या थोडा वर येतो, त्या १६ देणाऱ्या पेट्रोलचा एकशेचाळीसच्या वर. म्हणजे त्या बाबतीत डिझेल मागे नाही. काजळीत आहे, आणि ते मी मान्य करून चालते. म्हणून गावात ही गाडी बाहेर काढतच नाही. मंदिरात चालत, बाजारात स्कूटीवर. हायवेवर एका चालीत चाललेलं गरम इंजिन कमी काजळी टाकतं, गल्लीत थंड इंजिनावर दोन किलोमीटर जाणारं जास्त टाकतं. बहुतेक बीएस-४ छोट्या गाड्यांना धुराची काजळी अडवणारी ती जाळी नसते. त्यामुळे इंजेक्टर आणि एअर फिल्टर नीट ठेवणं हीच आपल्या हातातली गोष्ट. आणि मला प्रश्न विचारणाऱ्या ताईंची दहाचं ॲव्हरेज देणारी मोठी पेट्रोल गाडी आहारजींच्या वेळी पाऊण तास एसी लावून मंदिराबाहेर उभी असते, हे मी त्यांना तिथे बोलले नाही. इथे बोलते. त्या वाचतात.

याच कारणाने सांगते, ज्यांचं महिन्याला चारशे किलोमीटरही होत नाही त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये. शाळा, मंदिर, किराणा, महिन्यातून एकदा सांगली, एवढंच असेल तर तुमचा इंधनाचा फायदा महिन्याला नऊशे रुपयांचाही होत नाही आणि तो देखभालीतच जिरतो. वर छोट्या फेऱ्यांनी ईजीआर काजळीने भरतो. बीएस-६ डिझेल असेल तर ती जाळी तुंबते आणि दिवा लागतो. तुमच्यासाठी पेट्रोलच बरी. पण ती तुमच्या किलोमीटरमुळे बरी, तुमच्या कुंकवामुळे नव्हे!

घ्यायची ठरलीच तर बघायला पहाटे जा, आणि विकणाऱ्याला आधीच बजावा की गाडी सुरू करून गरम करून ठेवायची नाही. थंड इंजिन एका झटक्यात सुरू व्हायला हवं. मागे कोणाला तरी उभं करा. सुरू होताना किंचित धूर आला तर चालेल, पण निळा येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा येत राहिला तर इंजेक्टर किंवा टर्बो, आणि दोन्हींत मागे फिरायचं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढायला लावा. तिथून भसाभस वाफ बाहेर येत असेल तर इंजिन दमलेलं आहे. या इंजिनाला पट्टा नाही, टायमिंग चेन आहे. ती टिकते, पण ऑइल वेळेवर बदललं असेल तरच. म्हणून सर्व्हिसची बिलं मागा, सुरू करताना पुढून खळखळ ऐकू येते का तेही बघा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. मला एका एजंटाने २०१५ ची डिझेल दाखवली, मीटरवर ४२ हजार. मी विचारलं, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवायला डिझेल घेतली कोणी? तो हसला आणि दुसरी गाडी दाखवायला लागला. लाखभर चाललेली, पण बिलं असलेली गाडी परवडली. आरसी बुकात पूर्वी टॅक्सी पासिंग होतं का, बँकेचा बोजा उतरला का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर घरबसल्या दिसतं. दिल्लीकडची गाडी फार स्वस्त म्हणून दाखवली तर आधी तिथली एनओसी आणि इथला कर किती बसतो ते विचारा. पंधरा वर्षं पुरी व्हायला किती राहिलीत ते मोजा, कारण पुढे आरटीओत फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहे.

आणि गाडी बघायला जाताना आपला फिटर बरोबर न्या. पाचशे-हजार रुपये घेईल. एजंट त्याच्याशी बोलायला लागेल, तेव्हा प्रश्न तुम्ही विचारा.