जुन्या मोटारीची निवड

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्यांत आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे पालक चाकरी करितात, तेथें मोटारीविषयीं बोलणें हें शेतकऱ्यानें पावसाविषयीं बोलण्यासारखेंच होय. टाटांचा पिंपरीचा कारखाना आणि २००९ सालीं चाकणास निघालेले फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने मुलांस पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. म्हणून मधल्या सुटींत एक वाद वारंवार कानीं येतो: जुनी गाडीच घ्यावयाची तर वेगवान कूपे घ्यावी, कीं चारही चाकांस एंजिनाची शक्ति पोंचविणारी सेडान घ्यावी?

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊं. एक फोर्डची मस्टँग: दोन दारांची, पांच लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनाची, मागल्या चाकांनीं ढकलली जाणारी. ती आपल्या देशांत २०१६ सालीं विक्रीस आली. दुसरी आउडीची ए-सिक्स क्वाट्रो, चार दारांची. ए-सिक्सची जुळणी आपल्याच छत्रपति संभाजीनगराजवळ शेंद्रें येथें होत आली आहे.

मुलांचा पक्ष कूपेचा व वडिलांचा सेडानचा, हें सांगावयास नकोच. आम्हीही सेडानच्याच बाजूचे. पण तिच्या बाजूनें जें कारण पुढें करण्यांत येतें, तें आम्हांस मान्य नाहीं. चारही चाकें ओढतात म्हणून पावसांत ती गाडी अधिक निर्धोक, असें म्हणतात. हें अर्धेंच सत्य आहे. चिखलांतून निघतांना किंवा ओल्या चढावर वेग घेतांना ही योजना खरोखर उपयोगी पडते. परंतु ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतात, आणि थांबतेवेळीं एंजिनाची शक्ति किती चाकांस जाते यास महत्त्व उरत नाहीं. तेथें टायरची पकड आणि वेग हींच काय तीं खरीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें, हें नववीच्या मुलांस गतीच्या समीकरणावरून काढतां येईल. उलट या योजनेंत एक फसवणूक आहे. निघतांना चाक घसरत नाहीं, म्हणून रस्ता निसरडा झाल्याची सूचनाच चालकास मिळत नाहीं. आणि मोशीच्या पुढें एखादा कंटेनर आडवा आला म्हणजे ती एकदम मिळते!

(गंमत अशी कीं, १९८० सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत मांडलेली मूळची आउडी क्वाट्रो दोन दारांची कूपेच होती.)

सेडानच्या बाजूचें खरें कारण म्हणजे तिचीं मागलीं दारें. घरांतील आजीबाईंस मस्टँगच्या मागल्या आसनावर एकवार बसवून पाहावें, म्हणजे वाद मिटेल. बुटक्या गाडीस आपल्याकडील खड्डे व गतिरोधक किती मानवतात, हेंही निराळें सांगावयास नको.

पण चार दारांची गाडी म्हणजे सभ्य गाडी, ती मुलाच्या हातीं दिली तरी चालेल, ही समजूत मात्र घातक आहे. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगर येथें एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, ज्या पोर्शे गाडीखालीं मेले, ती चार दारांचीच होती. आणि ती चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर ठेवण्यांत आला. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत असें घातलें आहे कीं, अल्पवयी मुलाच्या हातून असा गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड व्हावा, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द व्हावी. पालकांनीं हें कलम घरीं मुलांदेखत वाचावें.

आतां खरेदीविषयीं दोन शब्द. जुन्या कूपेचे मागले टायर आधीं पाहावे. पूर्वीच्या धन्यानें ती कशी पळविली तें तेथें लिहिलेलें असतें. चारही चाकांच्या गाडींत चारही टायर एकाच जातीचे व सारखे झिजलेले आहेत कीं नाहींत तें पाहावें, कारण चाकांचा घेर कमीजास्त असला तर शक्ति वांटणाऱ्या यंत्रावर सतत ताण पडतो. म्हणून एक टायर फुटला तरी पुष्कळदां चारही बदलणें भाग पडतें. त्या चार टायरांची किंमत गाडीच्या किंमतीआधीं विचारावी. ती ज्यांस झेपत नसेल त्यांनीं पुढल्या चाकांवर चालणारी एखादी जुनी पोलो पाहावी. २००९ पासून २०२२ पर्यंत ती चाकणासच तयार होत असे, आणि तिला मागलीं दारेंही आहेत.