घरातील यंत्रे : सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर ज्या घरात अजून जिव्हाळ्याने सांभाळली जाते, तेथील मंडळींना ही अडचण नवी नाही. किल्ली फिरवावी, सेल्फने जोमाने फिरावे, दिवेही उजळ असावेत आणि इंजिनाने मात्र दाद देऊ नये. एरवी हा केवळ खोळंब्याचा विषय. परंतु घरातील आजारी माणसाला अपरात्री रुग्णालयात न्यावयाचे असेल, तर तोच विषय गंभीर होतो.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरवीत राहतात, किंवा चार शेजारी गोळा करून गाडीला धक्का मारावयास लावतात. दोन्ही व्यर्थ होत. धक्क्याने इंजिन फिरते एवढेच. आणि ते तर सेल्फनेही फिरतच होते! ज्या कारणाने ते सेल्फने सुरू झाले नाही, त्याच कारणाने ते धक्क्यानेही बहुधा सुरू होणार नाही. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये, मध्ये त्याला मिनिटभर निवू द्यावे, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर किल्ली काढून विचारास लागावे.

हा विचार आज अधिक अगत्याचा झाला आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे तर त्याच्याही कितीतरी आधी. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. सुटे भाग दुर्मीळ झाले, आणि कार्ब्युरेटरचे मर्म जाणणारे मिस्त्रीही. दोष कोठे आहे हे न पाहता एकामागून एक भाग बदलीत गेल्यास पैसा जातो, चांगला मूळ भाग जाऊन त्याच्या जागी हलका येतो, आणि शेवटी कंटाळून धडधाकट गाडी भंगारात काढली जाते.

पेट्रोल इंजिनाच्या मागण्या मोजक्या असतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यांपैकी काय उणे आहे, एवढेच शोधावयाचे.

आरंभ कानाने करावा. सेल्फ नेहमीच्या लयीत फिरत असेल तर पुढे जावे. तो रेंगाळत असेल, तर बॅटरी अशक्त आहे. सेल्फ बरीचशी वीज ओढून घेतो आणि ठिणगीसाठी पुरेशी उरत नाही. उलट, इंजिन नेहमीपेक्षा हलके, विनाअडथळा भिरभिरत असेल, तर दाब नाहीसा झाला असावा. मग डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्याचे, झाकण काढून दुसऱ्या माणसाकडून सेल्फ फिरवून घ्यावा. आतील रोटर फिरत नसेल, तर टायमिंगची साखळी किंवा डेल्कोला फिरविणारा भाग तुटलेला आहे. तेथे घरचा उपाय संपला. सेल्फ पुन्हा फिरवू नये.

नंतर ठिणगी पाहावी. गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. घरात एक जास्तीचा प्लग ठेवावा. इंजिनातील प्लग जागच्या जागीच राहू देऊन एकाची वायर काढावी, ती या जास्तीच्या प्लगला जोडावी आणि त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवावे. हाताने मात्र धरू नये. कॉइल बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल, तर ही परीक्षा करूच नये. सेल्फ फिरताच टणक, निळसर ठिणगी पडली तर उत्तम. ती फिकी, पिवळट असेल किंवा मुळीच नसेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे.

आता कॉइलमधून डेल्कोच्या मध्यभागी येणारी वायर त्याच रीतीने तपासावी. तेथे ठिणगी आहे पण प्लगपाशी नाही, तर झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरी दोषी. पावसाळ्यात झाकणाच्या आत दमट हवेचे थेंब साचतात आणि वीज भलतीकडेच पळते. कोरड्या फडक्याने पुसले की काम होते. झाकणाला केसाएवढी चीर किंवा आत काळी रेघ दिसली, तर मात्र ते बदलावे. पुसताना वायरींची अदलाबदल होऊ देऊ नये. या दोन्ही गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे.

मधल्या वायरीतही ठिणगी नसेल, तर पॉइंट पाहावेत. इंजिन फिरताना ते उघडतात-मिटतात काय? त्यांची तोंडे जळून काळी पडली आहेत काय? बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवून, स्वच्छ पुसून, फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी; ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला बारा व्होल्टांचा लहान दिवा जोडून त्याचे दुसरे टोक इंजिनाला लावल्यास, पॉइंट ठीक असताना तो सेल्फबरोबर लुकलुकतो. सतत जळत राहिला तर पॉइंट जुळत नाहीत. जळलाच नाही तर ते उघडत नाहीत, कंडेन्सर बसला आहे, किंवा कॉइलपर्यंत वीजच पोचत नाही.

ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे वळावे. टाकीच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. जुना काटा धन्याची मर्जी राखण्यात पटाईत असतो. एक प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंजिन तुंबले आहे : चोक पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरावा आणि सेल्फ फिरवावा. पुन्हा पुन्हा दाबल्यास कार्ब्युरेटर दर वेळी आणखी पेट्रोल आत फवारतो. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. मग पंपाची जाळी, नळी आणि कार्ब्युरेटरची जेट क्रमाने तपासावी. घाटात किंवा उन्हाळ्याच्या दुपारी गरम गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते; बॉनेट उघडून ती निवू द्यावी, पंपावर ओले फडके ठेवावे.

येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून इंजिन जागे करण्याची युक्ती सर्रास केली जाते. इंजिनाने उलटी ठिणगी फेकली, तर ज्वाला थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. ती युक्ती कोणी सांगितली तरी करू नये. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात, पाझरतात. गाडी आज उत्तम चालत असली, तरी नळ्या दाबून पाहाव्यात आणि इथेनॉल सोसणाऱ्या नव्या घालून घ्याव्यात. गाडीत अग्निशामक नळकांडेही असू द्यावे.

सोबत एक वही ठेवावी. पॉइंट कधी बदलले, प्लग कधी, बंद पडण्यापूर्वी गाडीने कोणती कुरकुर केली, याची नोंद असली की मिस्त्रीला निम्मे उत्तर आयतेच मिळते. आणि घरातील मुलामुलींना ही तपासणी करताना शेजारी उभे करावे. मात्र ठिकाणावर आलेल्या आजाऱ्याला ताटकळत ठेवून हा अभ्यास करू नये. तेव्हा प्रथम दुसरे वाहन बोलवावे. गाडीचा दोष उजाडल्यावर शोधता येतो.