तिसरी पिन कापू नका!

आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं काहीही दिसलं की त्याला 'कॅसिओ' म्हणतात. मग तो यामाहा असो, रोलँड असो, नाहीतर दोघांनी मिळून उचलायचा स्टेज पियानो. 'ताई, कॅसिओची वायर द्या' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता दुरुस्त करायचंही सोडून दिलंय. नावात काय आहे! पण ती वायर कुठे जाते आणि तिच्यातून काय वाहतं, यावर आपण इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा बोलत नाही. म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटच्या मराठीबद्दल आधीच माफी. वेलांट्या आईने तपासल्या आहेत.)

मी शिवऱ्याची. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. शाळेत सिस्टरांनी मला ज्या पियानोवर बसवलं तो लाकडी होता, त्याला प्लगच नव्हता! आता जे वाजवते ते सगळं प्लगवालं. हायवेच्या कडेच्या लॉन्सवर लग्नाचं संगीत, चैत्रातल्या जत्रांमध्ये ऑर्केस्ट्रा, आपलं गॅदरिंग, फिरोदियाच्या तालमी. जागा बदलते, पण एक प्रसंग हमखास घडतो. पियानो मिक्सरला जोडला की स्पीकरमधून 'हूंऽऽऽ' सुरू होतं. साऊंडवाला दादा येतो, प्लग काढतो, पकडीने वरची जाड पिन उपटतो आणि प्लग परत लावतो. हूं बंद. सगळे खूश.

आता ही हूं येते कुठून? पियानोला वीज मिळते स्टेजमागच्या बोर्डातून, मिक्सरला मिळते मंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून. दोन्हीकडे अर्थिंग आहे, पण दोन्ही अर्थ तंतोतंत एकाच व्होल्टेजला नसतात. ऑडिओ केबलची जाळी ही दोन टोकं जोडते, तिच्यातून थोडा करंट फिरतो, आणि आपल्या सप्लायचे ५० हर्ट्झ स्पीकरमधून ऐकू येतात. याला ग्राऊंड लूप म्हणतात. घरचा छोटा की-बोर्ड दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालतो, त्याला अर्थच नसतो, म्हणून तो बहुतेक वेळा गप्प राहतो. तीन पिनांचा, पत्र्याच्या बॉडीचा स्टेज पियानो आला की रडगाणं सुरू. त्यामुळे लोकांना वाटतं की दोष तिसऱ्या पिनेचा!

पिन उपटल्यावर लूप तुटतो हे खरंच आहे. पण मग पियानोच्या पत्र्याला अर्थ मिळतो कुठून? फक्त त्या ऑडिओ केबलच्या जाळीतून. म्हणजे वाजवणाऱ्याचा जीव एका जॅकवर टांगलेला. मागच्या वर्षी एका लॉनवर हेच झालं. दोन गाण्यांच्या मधे कोणीतरी जॅक काढला, आणि पियानोच्या मागच्या स्क्रूला लागलेल्या माझ्या मनगटाला मुंग्या आल्या. बॅगेत मल्टीमीटर होता (प्रॅक्टिकलचा!). पियानोचा पत्रा आणि माईकची जाळी यांच्यामध्ये ११० व्होल्ट दाखवले. मी प्लग काढला आणि तीन पिनांची दुसरी कॉर्ड मागितली. दादा म्हणाले, "ताई, वीस वर्षं हेच करतोय, काही होत नाही."

खरं सांगायचं तर त्या ११० व्होल्टने मी मेले नसते. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारा तो करंट अगदी किरकोळ असतो. भीती वेगळीच आहे. आत एखादी वायर सुटून फेज पत्र्याला टेकली, तर अर्थ असताना मोठा करंट वाहून फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर फ्यूज शांत बसतो, आणि २३० व्होल्ट पत्र्यावर वाट बघत राहतात. कोणाची? एक हात पियानोवर आणि ओठ अर्थ मिळालेल्या माईकला लावून गाणाऱ्याची. त्यात लॉनवर नुकतंच पाणी मारलेलं असतं.

हे पुस्तकी नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच गेला. हातात गिटार आणि अर्थिंग नीट नसलेला माईक. वय २७. त्याच्या प्रेक्षकांनीही तिकीट गाण्याचंच काढलं होतं.

मग हूं सहन करायची का? मुळीच नाही! त्यासाठी डी.आय. बॉक्स नावाची एक छोटी डबी मिळते. पियानोचं आऊटपुट तिच्यात जातं, आत ट्रान्सफॉर्मर असतो, पलीकडून माईकच्या तीन पिनांच्या केबलने सिग्नल मिक्सरला पोचतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंना तारेची जोड नसते, त्यामुळे लूप तुटतो. डबीवर 'ग्राऊंड लिफ्ट'चं बटण असतं, ते फक्त ऑडिओची जाळी तोडतं, विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो एफ.ई.च्या बेसिक इलेक्ट्रिकलवाल्याला कळायला हरकत नाही. शिवाय साध्या केबलने पाच-सहा मीटरच्या पुढे गेलात की बाहेरचा खरखराट शिरू लागतो. डबीतून निघालेली केबल मंडपाच्या त्या टोकापर्यंत आरामात जाते. पियानो आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवले तर अर्धी हूं फुकटातच जाते, हेही आहे.

एक गंमत, वाचून ठेवा. काही की-बोर्डना फक्त हेडफोनचं भोक असतं. त्यात स्टीरिओ जॅकची वायर घालून सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला आवाजच गायब! मग 'की-बोर्ड बिघडलाय' अशी आवई उठते. वाय केबल वापरा, डावा-उजवा दोन चॅनलना द्या. आणि ज्यांना एकच वायर ओढायची आहे त्यांनी 'एल/मोनो' लिहिलेल्या भोकातून ओढावी. चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. नाहीतर जो 'ढप्' होतो तो स्पीकरच्या खिशातून जातो.

विजेचं काय? जत्रेत आकडा टाकलेला असतो किंवा जनरेटर असतो. आकड्याबद्दल मी बोलत नाही, त्याबद्दल महावितरण बोलेल. पण बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात सप्लाय तोडतो. मात्र छोट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेलाच नसतो, तेव्हा हाच आर.सी.सी.बी. शोभेचा राहतो. म्हणून आधी वायरमनला विचारायचं. थ्री-फेजवर न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं, आणि मग पियानोचा धूर हप्त्यांवर फेडावा लागतो.

माझं म्हणणं असं, की आपण फ्लेक्सवर, फुलांवर, पाहुण्यांच्या शालींवर खर्च करतो. साधी डी.आय. डबी दोनेक हजारांच्या आसपास येते, स्टीरिओला दोन लागतात. परवानगीच्या अर्जावर रात्री १० ची वेळ आपण न चुकता लिहितो, कारण तिथे पोलीस येतात. अर्थिंग बघायला कोणी येत नाही, म्हणून ते कोणाच्या कामातच नाही. साऊंडवाल्या दादांवरही मी सगळं ढकलणार नाही. त्यांना हूं बंद करायचे पैसे मिळतात, पिन जपायचे नाहीत. कोटेशनमध्ये आपण मागितलंच नाही तर ते आणतील कशाला?

यंदाच्या गॅदरिंगसाठी मी कल्चरल सेक्रेटरीला दोन ओळी लिहून दिल्या आहेत: 'दोन डी.आय. बॉक्स आणि ३० मिलीअँपिअर आर.सी.सी.बी. असलेला बोर्ड पुरवणे. कोणत्याही प्लगची अर्थ पिन काढलेली चालणार नाही.' इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटची दोन पोरं मल्टीमीटर घेऊन दुपारी यायला तयार आहेत, चहाच्या बोलीवर. कोटेशन अजून मंजूर झालेलं नाही. फाईल त्यांच्या टेबलावर आहे, दिसली तर आठवण करा.