बर्फ साचायच्या आधी ट्रॅक्टर बाहेर काढा

पहाटे साडेपाचला नगरपालिकेचा प्लाऊ घरघरत जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. सिरॅक्यूज, रॉचेस्टर, बफेलो, टोरांटो, या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना तो आवाज झोपेतही ओळखू येतो. आठला कामावर निघायचे असते, मुलांची बस यायची असते. अशा वेळी भारतातून आलेले बाबा गराजमधले फावडे उचलतात आणि म्हणतात, "तू आवर, मी काढतो एवढं."

माझी पहिली विनंती तिथेच आहे. बाबांच्या हातातून ते फावडे काढून घ्या. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, ओझे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो. दर हिवाळ्यात बर्फ उपसताना माणसे हृदयविकाराने जातात. त्यात आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हा विकार इतरांपेक्षा लवकर गाठतो. चाळिशी-पन्नाशीच्या मुलानेही "मी अजून धडधाकट आहे" असे म्हणून फावड्याला हात घालू नये.

बाबांचे ते "एवढं" म्हणजे किती, याचा हिशोब करून बघा. ड्राइव्हवे 50 फूट लांब आणि 16 फूट रुंद धरा. त्यावर फूटभर बर्फ पडला, तोही हलका, कोरडा, कापसासारखा, तरी तो सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. तोच बर्फ ओला असेल तर साडेपाच टनांच्या वर जातो. इतके वजन कुणी पाठीने उचलू नये. ते यंत्राचे काम आहे, आणि बॅटरीवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर ते चांगले करतो.

हे यंत्र काल-परवाचे नाही. जनरल इलेक्ट्रिकने 1969 साली, याच न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीतून, ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा विजेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या मोठ्या मॉडेलांत 6 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असत, एकूण 36 व्होल्ट. पुढे बर्फ ढकलायचे ब्लेड किंवा बर्फ उडवणारा थ्रोअर लावता येई. काही वर्षांतच कंपनीने तो धंदा सोडला, पण जपलेले कितीतरी ट्रॅक्टर आजही चालतात. माझ्याकडचा त्यांतलाच आहे. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने तो मला देताना फक्त एक अट घातली होती: दर हिवाळ्यात आधी त्याचा ड्राइव्हवे साफ करायचा. तो असेपर्यंत मी ती पाळली.

बर्फाच्या कामाला वीज का चांगली, हे पहिल्याच फेरीत कळते. विजेची मोटर जागेवरून सुटतानाच पूर्ण जोर देते, आणि बर्फात जोर लागतो तो नेमका तेव्हाच. सहा बॅटऱ्यांचे पावणेदोनशे किलोच्या घरातले वजन चाकांना जमिनीवर दाबून धरते. थ्रोअरला स्वतःची वेगळी मोटर असल्याने ट्रॅक्टर गोगलगायीच्या गतीने नेला तरी बर्फ पूर्ण वेगाने लांब फेकला जातो. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलचे इंजिन सुरू होईपर्यंत दोरी ओढत बसावे लागत नाही. आणि गराजमध्ये विषारी धूर साठत नाही. ज्या घरात गराजच्या वरच मुलांची झोपायची खोली आहे, त्यांनी हे शेवटचे कारण सर्वांत वरचे मानावे.

नवा घेणार असाल तर दुकानात एक प्रश्न अडून विचारा: या ट्रॅक्टरला बर्फाचे ब्लेड किंवा थ्रोअर लावायला कंपनीची परवानगी आहे का? गवत कापण्यापुरत्या बनवलेल्या ट्रॅक्टरचा मागचा गिअर बर्फाचे ओझे सोसत नाही, आणि पहिल्याच मोठ्या वादळात घात होतो. मागच्या चाकांना साखळ्या लागतातच. गवतासाठीचे गुळगुळीत टायर बर्फावर जागच्या जागी फिरत राहतात.

आता बॅटरी. लोक चुकतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थंडीत बॅटरीची ताकद उतरते. शिसे-ॲसिडची बॅटरी उणे 15 अंश सेल्सियसमध्ये आपल्या क्षमतेचा तिसरा हिस्सा, कधी निम्मी क्षमता गमावते. ऑक्टोबरात तासभर चाललेला ट्रॅक्टर जानेवारीत अर्ध्या तासात मान टाकतो तो त्यामुळे. यंत्र बिघडले असे समजून कुणी ते विकून टाकू नये. ट्रॅक्टर घराला लागून असलेल्या गराजमध्ये ठेवा आणि वादळाचा इशारा आला की आदल्या रात्रीच चार्जिंग पूर्ण करा. वादळात वीज गेली तर नंतर चार्ज करायची सोय उरत नाही. शिसे-ॲसिडची बॅटरी रिकामी ठेवून झोपू तर नकाच. भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे 50 अंशांतही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतले उणे 10 च्या आसपास गोठते आणि बॅटरी फुटते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा हवा खेळती ठेवा, जवळ ठिणगी नको.

लिथियमचे शास्त्र वेगळे आहे. ती थंडीत काम करते, पण शून्य अंश सेल्सियसच्या खाली तिला चार्ज करायचे नाही. गार सेलमध्ये जबरदस्तीने करंट ढकलला की आत लिथियम धातूचा थर बसतो, आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. बर्फातून आल्या आल्या पॅक चार्जरला लावू नका. सुटा निघत असेल तर घरात आणून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. निघत नसेल तर गराज गरम असल्याशिवाय चार्जर जोडू नका. बऱ्याच पॅकमधले सर्किट गारठ्यात चार्जिंग स्वतःहून अडवते. ते तुमच्या भल्यासाठीच असते. त्याला चकवायच्या युक्त्या कुणी सांगितल्या तर ऐकू नका.

बॅटरी थोडी आणि बर्फ फार, मग करायचे काय? बर्फ थांबायची वाट बघू नका. माझे सगळे सांगणे या एका वाक्यात आहे. आपल्याकडे वाफसा आला की शेतकरी रानात उतरतो. आज नको, उद्या बघू, असे केले की जमीन कडक होते. बर्फाचाही असा वाफसा असतो. तो पाच-सहा इंच झाला की एक फेरी मारा, घरात येऊन चहा घ्या, बॅटरी चार्जला लावा, पुन्हा पाच-सहा इंच झाले की दुसरी फेरी. दोन फूट बर्फ चार फेऱ्यांत निघतो. तोच सकाळी एकदम काढायला गेलात तर बॅटरी संपते, ट्रॅक्टर रुततो आणि शेवटी फावडेच हाती येते. फेरी मारायच्या आधी गाडी वरून नेऊ नका. टायरखाली दाबलेला बर्फ दगडासारखा चिकटतो.

हंगामाच्या पहिल्या बर्फातच कडा गरजेपेक्षा दोन-दोन हात रुंद करून ठेवा, कारण फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूंचे ढीग आत सरकत येतात. आमच्या लेक ऑन्टारिओचे पाणी सहसा गोठत नाही, त्यामुळे सरोवरावरून येणारा बर्फ हिवाळा संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. तोंडाशी पडणाऱ्या बांधावरही उपाय आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाऊ तुमच्या डाव्या हाताने येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेचा आठ-दहा फुटांचा पट्टा आधीच मोकळा करा आणि तुमचा ढीग उजवीकडे घाला. प्लाऊपुढचा बर्फ त्या मोकळ्या जागेत पडतो, तुमच्या दारात कमी येतो. उरलेला बांध एकदम घ्यायला जाऊ नका, कडेकडेने थोडा थोडा खा. मोटर अडून गुरगुरायला लागली की लगेच सोडा. अडलेल्या मोटरमधून सर्वांत जास्त करंट वाहतो आणि ती जळते. घराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या भट्टीच्या पांढऱ्या नळ्यांवर बर्फ उडवू नका. त्या बुजल्या की विषारी वायू घरात भरतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत सहा फुटांहून जास्त बर्फ पडला. असल्या वादळात बागेचा ट्रॅक्टर पुरा पडत नाही. तेव्हा लोडरवाल्याला फोन करा आणि घरात थांबा.

आणि आता हात. ओला बर्फ थ्रोअरच्या नळीत अडकतो, आणि माणूस सहज हात घालतो. असे करू नका, मोटर बंद असली तरी नाही. अडकलेल्या पात्यात ताण साठलेला असतो. बर्फ सुटला की पाते एक झटका घेते आणि बोटे जातात. विजेच्या यंत्रात धोका जास्तच, कारण ते चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही. आधी किल्ली काढायची, ती खिशात घालायची, मग लाकडी दांडक्याने नळी मोकळी करायची. माझे दांडके सीटच्या मागे बांधलेले असते. थ्रोअर लावलेला ट्रॅक्टर दांडक्याशिवाय गराजबाहेर काढायचा नाही, असा घरातला नियमच आहे.

काम झाले की ब्लेडवरचा आणि साखळ्यांतला बर्फ झाडून काढा, नाहीतर सकाळी चाके फरशीला गोठलेली सापडतात. किल्ली मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला, घराच्या आत. आणि कोपऱ्यावरचा आगीचा हायड्रंट तुमच्या हद्दीत असो वा नसो, त्याच्या भोवतीचे तीन फूट त्याच फेरीत मोकळे करून या.