सोळा वाहनतळे की दहा?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील बहुतेक शहरांच्या भूवापर नियमांनी प्रत्येक दुकानाने किमान किती गाड्यांची जागा सोडावी हे ठरवून दिले, आणि दुकानाच्या दर १,००० चौरस फुटांमागे ४ ते ५ गाड्या हे प्रमाण रूढ झाल्यामुळे, एका गाडीला येण्याजाण्याच्या वाटेसह सुमारे ३०० चौरस फूट लागतात हे लक्षात घेता, दुकानापेक्षा त्याच्यापुढचे डांबरच मोठे होऊन बसले. डोनाल्ड शूप यांनी २००५ साली ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या ग्रंथात या सक्तीवर घणाघाती टीका केली आणि २०१७ मध्ये बफलो शहराने ती काढूनही टाकली. तथापि नियम गेला म्हणून आधी ओतलेले डांबर उखडले जात नाही, आणि ते आहे तोवर कोणाला तरी झाडावेच लागते. वाहनतळ झाडून देण्याचा व्यवसाय या डांबरावर उभा आहे.

हे काम मुख्यतः रात्री चालते, कारण दिवसा तळ गाड्यांनी भरलेला असतो. पण अनेक नगरपालिकांचे ध्वनिनियम वस्तीलगत रात्री यंत्र चालवू देत नाहीत, त्यामुळे कोणता तळ केव्हा झाडायचा हे पुष्कळदा शेजारी कोण राहते यावरही ठरते. चालक आधी पाठीवर अडकवलेल्या ब्लोअरने फुटपाथच्या कडेची, ट्रॉल्यांच्या रांगेखालची आणि चाके अडवणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांमागची सिगारेटची थोटके, पावत्या व ओला पाला मोकळ्यावर उडवून आणतो, मगच ट्रक फिरवतो. टेक्सासमधील टिम्को कंपनीच्या नावाशी जोडल्या गेलेल्या पद्धतीत पंख्याची हवा एका बाजूने जमिनीवर आदळते, सुटलेला कचरा दुसऱ्या बाजूने ओढून ‘हॉपर’ म्हणजे कचऱ्याच्या टाकीत नेते, आणि कचरा तेथे बसल्यावर तीच हवा पुन्हा पंख्याकडे वळते. जे उचलले जात नाही ते पहिल्या पावसात जाळीतून गटारात उतरते आणि पावसाळी गटारे स्वतंत्र असतील तेथे बहुधा प्रक्रियेविना नदीला मिळते; अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने अशा पाण्यावर परवान्याचे बंधन आणल्यापासून झाडकामाला देखणेपणाच्या पलीकडचेही कारण मिळाले.

धंद्यातील नफ्याचे मूळ मात्र दोन तळांमधील अंतरात असते. समजा, ८ तासांच्या पाळीत प्रत्येक तळाला २५ मिनिटे लागतात. दोन तळांत ५ मिनिटांचे अंतर असेल तर १६ तळ होतात, २० मिनिटांचे असेल तर जेमतेम १०. चालकाची मजुरी दोन्ही रात्री तीच राहते आणि दुसऱ्या रात्री इंधन मात्र अधिक जळते. परतीचे भाडे न मिळालेल्या आपल्याकडच्या ट्रकमालकाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने शहरभर दरपत्रके वाटण्यापेक्षा एकाच हमरस्त्याची दुतर्फा दुकाने धरणे शहाणपणाचे, मग त्यासाठी लांबचे एखादे मोठे काम नाकारावे लागले तरी हरकत नाही.

चालता धंदा विकत घेताना किंमत बहुधा ‘मालकाच्या मिळकती’च्या पटीत सांगितली जाते; ही मिळकत काढताना निव्वळ नफ्यात मालकाचा पगार, व्याज आणि घसारा परत मिळवला जातो. कार्यालयी सेवांच्या धंद्यात ही रीत चालून जाते, येथे ती फसवी ठरते, कारण खडी आणि वाळू पंख्याची पाती व त्याचे कवच अक्षरशः खरवडून काढतात, आणि त्यामुळे घसारा हा कागदी खर्च न राहता ठरावीक काळाने रोख मोजावा लागणारा खर्च होतो. अनेक ट्रकांवर पंख्यासाठी वेगळे इंजिन असते; खरेदीदाराने किलोमीटर किंवा मैलांच्या आकड्यावर न जाता या दुसऱ्या इंजिनाच्या तासमापकाकडे पाहावे. त्याहून नाजूक बाब कंत्राटांची: अनेक करार ३० दिवसांच्या सूचनेवर मोडता येतात आणि काही तर जुन्या मालकाच्या ओळखीवरच टिकलेले असतात. अशा वेळी किमतीचा एक हिस्सा हप्त्यांनी देण्याचे ठरवून ते हप्ते ग्राहक टिकण्याशी बांधणे हाच खरेदीदाराचा खरा विमा होय. विक्रेता त्याला साफ नकार देत असेल, तर त्या नकाराचा अर्थ हिशेबाच्या वह्यांहून जास्त बोलका समजावा.

वाढीच्या वाटेवर मोठ्या साखळी दुकानांचे काम मोहात पाडते. ते पुष्कळदा मध्यस्थ व्यवस्थापन कंपनीमार्फत येते, म्हणजे दुकानाशी करार तिचा, झाडणारा स्थानिक, आणि मधला वाटाही तिचाच. काम एकदम वाढते, पण दर आणि ग्राहक दोन्ही दुसऱ्याच्या हाती जातात. त्यापेक्षा त्याच तळावर दिवसा हाताने कचरा वेचण्याचे काम घेणे अधिक किफायतीचे, कारण ग्राहक ओळखीचा असतो आणि फेरीत नव्या अंतराची भर पडत नाही. दुसरा ट्रक घेण्याचा विचार त्यानंतरचा, आणि तेव्हाही पहिला प्रश्न कर्जाचा नसून, पहाटे २ वाजता चालकाचा ‘आज येत नाही’ असा फोन आल्यास तो ट्रक कोण चालवणार, हा असतो.